क्रेनच्या खुणेवरचा पिंजरा

पिंजरा हरवल्याचं मला कळलं तो सोमवार होता. माझी बायको मैथा गेल्याचं कळलं तो दिवस वेगळा. तो बुधवार होता आणि ते डॉक्टरने सांगितलं. पिंजऱ्याचं मला कोणी सांगितलं नाही. ते मी स्वतः शोधून काढलं, भर समुद्रात, होडीत उभा राहून, किनाऱ्याकडे तोंड करून.

माझा खलाशी हनीफा मागे इंजिनापाशी बसला होता. हनीफा केरळातल्या पोन्नानीचा, मला अर्बाब म्हणजे मालक म्हणतो. सव्वीस वर्षं माझ्या होडीवर आहे, आणि या सव्वीस वर्षांत त्याने मला एकदाही "तुम्ही चुकलात" असं म्हटलेलं नाही. तो फक्त खोकतो. त्या दिवशी तो फार खोकत होता.

"हनीफा, क्रेन कुठे गेली?"

"कुठली क्रेन, अर्बाब?"

"पिवळी. मिनाराच्या डोक्यावर दिसायची ती."

"अर्बाब, मिनार कुठे आहे?"

मी पाहिलं. मिनारही नव्हता. म्हणजे असणार, मशीद कोणी पाडत नाही. पण त्याच्यामागची अर्धवट इमारत काच लावून पुरी झाली होती आणि तिच्या चकाकीत मला फक्त सूर्य दिसत होता.

इथे थोडं सांगायला हवं. आम्ही आखातातले अरब मासे धरायला तारेचे पिंजरे सोडतो, घुमटासारखे, माणसाच्या छातीएवढे. पिंजऱ्याच्या दोरीला वर तरंगता डबा बांधत नाही. डबा दिसला की दुसरा कोणीतरी येऊन पिंजरा उचलतो, आणि हा दुसरा कोणीतरी बहुतेक वेळा आपला शेजारीच असतो. म्हणून खूण किनाऱ्यावरची धरायची. दोन वस्तू एकीमागे एक दिसल्या की एक रेघ मिळते. दुसरीकडे बघून अजून दोन जुळवल्या की दुसरी रेघ. रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे पिंजरा. माझ्या वडिलांची खूण म्हणजे किल्ल्याची भिंत आणि एक वाकडं खजुराचं झाड. झाड रस्त्यात गेलं. मग मी पाण्याची टाकी धरली. टाकी गेली. मग एक हॉटेल धरलं. ते बांधून पुरं झालं, आणि त्याच्या जागी मोठं हॉटेल हवं म्हणून पाडलंही. शेवटी मी क्रेन धरली.

आता लोक हसतात. पण ती क्रेन तिथे चार वर्षं उभी होती. त्या रस्त्यावर चार वर्षं टिकलेली दुसरी एकही वस्तू नव्हती. इमारतीच्या दोन भागीदारांत भांडण होतं, काम अर्ध्यावर अडकलं होतं, आणि सगळी वस्ती म्हणायची की हे दोघे एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. मी त्या भांडणावर विश्वास ठेवला. मैथा तेवीस दिवस दवाखान्यात होती, नंतर चाळीस दिवस मी समुद्राकडे फिरकलो नाही. तेवढ्यात त्या दोघांनी समेट केला. दुसऱ्याच्या घरात शांतता नांदावी याचं मला दुःख झालं, ते आयुष्यात त्या एकदाच.

उरलेल्या एका रेघेवर आम्ही चार तास तळाशी लोखंडी गळ ओढला. एक टायर मिळाला.

एका पिंजऱ्यासाठी एवढं काय, असं कोणीही विचारेल. बंदरात पिंजऱ्यांचे ढीग पडलेत. म्हणून जी गोष्ट मी एकतीस वर्षं कोणाला सांगितली नाही ती सांगतो.

पिंजऱ्याचं धड विणणं सोपं. अवघड असतं ते तोंड. ते नरसाळ्यासारखं आत वळत जातं, बाहेर रुंद, आत अरुंद. मासा आत शिरतो आणि आलेली वाट विसरतो. माझ्या पिंजऱ्यांची तोंडं सगळ्या बंदरात नावाजलेली. लोक बोट फिरवून बघायचे, माना डोलवायचे, आणि मी समुद्राकडे बघत असायचो, जणू मला त्याचं काहीच नाही. ती सगळी तोंडं मैथाने विणलेली. आमच्याकडे पिंजरा हे पुरुषाचं काम. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तारेने हात कापून घेतला, तेव्हा तिने माझ्या हातातून पक्कड काढून घेतली आणि म्हणाली, "जा, चहा पी." तेव्हापासून मी चहा पीत आलो. ती स्वयंपाकघराचं दार लावून विणायची. कोणी आलं की पिंजऱ्यावर चादर.

तार खाऱ्या पाण्यात वर्षभरात खाल्ली जाते. तिच्या हातचे बाकीचे पिंजरे गंजून संपले. हा एकच राहिला होता. ज्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं त्या दिवशी पहाटे मी तो सोडून आलो होतो.

आणि त्यात त्याच सोमवारी वारसा भवनातून नौरा नावाच्या मुलीचा फोन आला. शनिवारी, म्हणजे बारा दिवसांनी, चाळीस शाळकरी मुलं येणार आहेत, उस्ताद उबैद यांनी त्यांना पिंजऱ्याचं तोंड विणून दाखवावं. उस्ताद उबैद म्हणजे मी. घरात इतकं शांत होतं की कोणी मला लग्नात नाचायला बोलावलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. हो म्हटल्यावर लक्षात आलं की मला विणता येत नाही. मग ठरवलं, तो पिंजरा वर काढायचा, मैथाचं तोंड एकेक वेढा उकलायचं, आणि उकलता उकलता शिकायचं. योजना चांगली होती. फक्त पिंजरा नव्हता.

संध्याकाळी गल्लीतल्या बाकावर ही बातमी माझ्याआधी येऊन बसली होती. माझ्या मुलाचं नाव सुहैल, म्हणून बाकावर मला बू सुहैल म्हणतात. शेजारचा बू घानिम माझ्याएवढाच, माझ्यासारखाच मासेमारीतला, आणि स्वतःच्या पिंजऱ्यांच्या तोंडांबद्दल माझ्याहून जास्त बोलणारा.

"क्रेन!" तो म्हणाला. "अरे, उद्या ढगाची खूण धरशील! मी तुला किती वर्षं सांगतोय, उपग्रहाचं यंत्र घे."

"तुझा उपग्रह तुझ्याकडे ठेव."

"उपग्रह कोणी पाडत नाही, बू सुहैल."

यावर बाक इतका हसला की मला चहा खाली ठेवावा लागला. मग सल्ले सुरू झाले. एकाचा भाचा पाणबुड्या होता, पण त्याला कान दुखायचा आजार. दुसऱ्याने सुचवलं की क्रेनच्या मालकाला गाठून ती आठवडाभर परत उभी करायला सांग. सगळ्यांत बरा सल्ला बू घानिमचाच निघाला, हे मला अजून खुपतं. तो म्हणाला, "क्रेन होती त्या इमारतीच्या गच्चीवर जा. मिनार पायाखाली धर आणि समुद्राकडे बघ. तीच रेघ, उलटीकडून."

दुसऱ्या दिवशी गेलो. पहारेकऱ्याने विचारलं, कोणाकडे? मी म्हटलं, तुमच्या क्रेनचा जुना ओळखीचा आहे. त्याने मला उन्हात बसवून पाणी दिलं आणि कोणालातरी फोन केला. शेवटी अडतिसाव्या मजल्यावरून मी खाली पाहिलं. मिनार सापडला, सुईएवढा. समुद्राकडे पाहिलं. मी जिथे पिंजरा सोडला होता तिकडे एक ससाणा बसला होता.

खोटं सांगत नाही. वाळूचा ससाणा, पंख पसरलेला, मैलभर लांब. त्याचं डोकं आणि उजवा पंख तयार होते. डाव्या पंखाशी जहाजं उभी होती. ती तळातली वाळू ओढून घेत होती आणि तोंडातून कमानीसारखी उडवत होती. या बेटाबद्दल मी ऐकलं होतं, आणि काल होडीतून ती जहाजं लांबून दिसलीही होती. पण आमच्या शहरात रोज इतकं काही ऐकायला मिळतं की माणूस त्यातलं निम्मं सोडून देतो.

घरी येऊन मी ओट्यावर बसलो. हनीफा समोर येऊन उभा राहिला आणि खोकला.

"बोल."

"अर्बाब, रागावू नका. त्या जागेचे आकडे माझ्याकडे आहेत."

"कसले आकडे?"

त्याने तांदळाच्या डब्यातून उपग्रहाचं एक छोटं यंत्र काढलं. जुन्या बाजारातलं, रबर निघालेलं. तुम्ही क्रेनची खूण धरलीत त्याच आठवड्यात घेतलं, म्हणाला.

"चार वर्षं? माझ्या होडीत? तांदळात?"

"मलाही बायको-मुलं आहेत, अर्बाब. धुक्यात घरी यावं लागतं."

"मग काल चार तास गळ कशाला ओढलास?"

"तुम्ही ओढ म्हणालात."

मी उठून एकट्यापुरता चहा केला. मग आकडे मागून घेतले.

बेटाच्या हद्दीत होडी न्यायला परवाना लागतो. आधी मासेमारीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या तरुणाने नम्रपणे विचारलं, "पिंजरा किती दिवस पाण्यात आहे?"

"सत्तरएक."

"हा गुन्हा आहे, काका."

"कोणाचा?"

"अर्ज दिलात तर तुमचा."

मी अर्ज परत घेतला. चांगला मुलगा होता. त्याने मला किनाऱ्याच्या कार्यालयात पाठवलं. तिथल्या बाईंनी आकडे यंत्रात घातले आणि म्हणाल्या, "ही जागा समुद्र नाही."

"मग काय आहे?"

"जमीन."

"बाई, तिथे सात वाव पाणी आहे. मी चाळीस वर्षं तिथे मासे धरतोय."

"पाणी तात्पुरतं आहे," त्या म्हणाल्या.

मी जमिनीच्या कार्यालयात गेलो. तिथे सांगितलं की जमिनीवर मासे धरण्याचा प्रश्न आमच्याकडे आजवर आलेला नाही, बेटाच्या कंपनीकडे जा.

कंपनीचं कार्यालय संगमरवरी होतं आणि इतकं थंड की दारातच माझा गुडघा दुखायला लागला. पांढरा कंदुरा, म्हणजे इथल्या अरबांचा पायघोळ झगा, घातलेला म्हातारा हातात जागेचे आकडे घेऊन आला, हे पाहून वाएल नावाचा एक लेबनानी तरुण पळतच आला. कहवा आला. पाणचट होता. मी तोंड उघडायच्या आत वाएलने मला बेटाच्या नमुन्यापाशी नेलं. खोलीभर मोठा ससाणा, वर काडेपेटीएवढी घरं, कापसाची झाडं.

"काकांनी जागा आधीच हेरून ठेवलीय वाटतं!" त्याने आकडे यंत्रात घातले. डाव्या पंखाच्या चौथ्या पिसावर एक दिवा लागला. "वा! अकराशे सत्तेचाळीस. कोपऱ्याचं घर. तिन्ही बाजूंनी समुद्र दिसतो."

"मला समुद्राच्या खालचं हवंय."

"तळघर? तळघराचं बघू," असं म्हणून त्याने लिहून घेतलं.

"तिथे वाळू कधी पडणार?"

"काळजीच नको! चौथं पीस याच शुक्रवारी धरणार."

त्या दिवशी बुधवार होता. मी खरं सांगणार होतो, देवाशपथ. पण नमुन्याशेजारी एक पाटी होती: ग्राहकांना आपली जागा प्रत्यक्ष दाखवण्याची सोय आहे. मी म्हटलं, "जागा बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही." हे वाक्य पूर्णपणे खरं होतं.

गुरुवारी सकाळी कंपनीची लाँच आली. पांढऱ्या गाद्या, थंड टॉवेल. वाएल निळ्या सुटात. हनीफाच्या खांद्यावर गोणी होती आणि गोणीत गळ.

"हे काय?" वाएलने विचारलं.

"माझा गुडघा," मी म्हटलं. अदबीने त्याने पुढे विचारलं नाही.

बेटाशी पोहोचलो. सगळीकडे पाणी. वाएल उभा राहून हात पसरून दाखवू लागला. "हा दिवाणखाना. तिकडे बायकांची बैठक. आपण आत्ता स्वयंपाकघरात आहोत, काका."

हनीफाने मांडीवरचं यंत्र पाहिलं आणि खोकला. मग म्हणाला, "अर्बाब, जेवणघरात जायला हवं."

जेवणघरात आम्ही गळ टाकला. वाएलने पाहिलं, आणि त्याला वाटलं मी खोली मोजतोय. "बरोबर आहे, पाया बघून घेतलेला बरा," म्हणाला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक फाटकं जाळं. शेजारच्या पिसावरचं जहाज वाळू उडवत होतं, आणि वारा फिरला तशी ती ओली वाळू आमच्यावर पडू लागली. वाएलचा निळा सूट खाकी झाला. तिसऱ्यांदा दोरी ताठ झाली.

"काका, खरं सांगा," वाएल डोळे चोळत म्हणाला, "तुम्हाला घर घ्यायचंय की नाही?"

"नाही. तुझ्या जेवणघरात माझ्या बायकोचा पिंजरा आहे. ती दीड महिन्यापूर्वी गेली. उद्या तुम्ही त्यावर वाळू टाकणार."

मला वाटलं, आता लाँच परत फिरवतो. त्याने कोट काढून गादीवर ठेवला. "माझे आजोबा सूर गावच्या बंदरात मासे धरायचे," म्हणाला. "दोरी अशी ओढायची नसते. सरका." मासेमार मीच, आणि मलाच सरका म्हणाला. मी सरकलो.

पिंजरा वर आला तो शिंपल्यांनी माखलेला, शेवाळाची दाढी लागलेला, आत एक मोठा हामूर मासा आणि असंख्य खेकडे. सगळे पांढऱ्या गाद्यांवर उतरले. मी फक्त तोंड बघितलं. तार काळी पडली होती, पण एक वेढा हलला नव्हता. मी त्याच्यावरून बोट फिरवलं, बंदरातले लोक फिरवायचे तसं. हामूर वाएलला दिला. परतताना तो एका हाताने मासा धरून दुसऱ्या हाताने फोनवर साहेबाला सांगत होता की ग्राहकाला जागा ओलसर वाटली.

आता उकलायचं राहिलं. पिंजरा अंगणात ठेवून आठ दिवस रोज सकाळी मी मैथाची पक्कड घेऊन त्याच्यासमोर बसलो. रोज कुठल्या टोकाला सुरुवात करायची ते ठरवलं, आणि रोज उठून चहा केला. अशी शनिवारची सकाळ झाली.

वारसा भवनाच्या दारात माझा फोटो असलेली पाटी होती: 'पिंजऱ्याच्या तोंडाचे अखेरचे कारागीर.' चाळीस मुलं मांडी घालून बसली होती. मागे वस्तीतली मंडळी, पुढच्या रांगेत बू घानिम, हाताची घडी घालून. मी मैथाचा पिंजरा तसाच टेबलावर ठेवला.

"याचं धड मी विणलंय," मी म्हटलं. "तोंड माझ्या बायकोने. मला येत नाही. कधीच येत नव्हतं."

नौराचा चेहरा पांढरा पडला. एका मुलीने हात वर केला. "मग आम्हाला कोण शिकवणार?"

"एकतीस वर्षं!" बू घानिम उठून उभा राहिला. "एकतीस वर्षं हा माणूस बंदरात छाती काढून चालतोय! मी म्हणतो, लाज..."

"तुम्ही बसा," मागून बायकांच्या रांगेतून आवाज आला. त्याची बायको, उम्म घानिम. "यांचीही मीच विणते. कपाटामागे बसून. आणि त्या कोपऱ्यात बसलेल्या सालमीनची त्याची बहीण विणायची."

सालमीनने चप्पल शोधायला सुरुवात केली. बू घानिम बसला. आमचं नावाजलेलं बंदर म्हणजे स्वयंपाकघरात दारं लावून बसलेल्या बायका आणि बाहेर चहा पिणारे आम्ही, हे मुलांसमोर असं उघडं पडलं. मुलांना ते तोंडापेक्षा जास्त आवडलं. पाटी बदलायला मी नौराला सांगितलं आहे. तिने त्यासाठी अर्ज भरायला सांगितला, आणि अर्जात मयत कारागिराची सही मागितली आहे. ते चालू आहे.

दुसऱ्या दिवसापासून उम्म घानिम येऊ लागली. अंगणात नव्या पिंजऱ्याच्या पलीकडे बसते, मी अलीकडे. बू घानिम ओट्यावर बसतो आणि बोलत नाही, हा वेगळा फायदा.

"तार ओढू नकोस, वळव. एवढी जाड बोटं देवाने कशाला दिली तुला?"

"पिंजरे उचलायला."

"ते हनीफा उचलतो. वळव."

उम्म घानिम म्हणाली, मला मैथानेच शिकवलं. दोघी सकाळी पाण्याला जायच्या तेव्हा. पण शेवटचा वेढा, ज्याने सगळं तोंड आवळून बसतं, तो मैथा कोणाला दाखवायची नाही. पाठ फिरवून घालायची आणि हसायची. उम्म घानिम तो आपल्या पद्धतीने घालते, आणि तिचे पिंजरे दोन महिन्यांत सैल होतात, हे तिनेच सांगितलं. मैथाचा अडीच महिने पाण्यात राहून हलला नाही.

"उकलून बघ की," ती म्हणाली. "तार तर आहे समोर."

मैथाचा पिंजरा भिंतीपाशी आहे. शिंपले काढलेत, गंज पुसलाय. पक्कड दोनदा लावली, दोनदा काढून घेतली. माझ्या पिंजऱ्याच्या तोंडाला सतरा वेढे झाले आहेत. अठरावा, शेवटचा, राहिला आहे.